चुडामणभाऊ आणि तपासून आणलेलं बाळ

चुडामणभाऊ बाजारात येताना दिसले की शाहपुरातल्या भाजीवाल्या टोपलीवर पदर ओढतात, असं लोक म्हणतात. भेंडीचं टोक मोडल्याशिवाय आणि वांगं चारी बाजूंनी दाबल्याशिवाय भाऊंनी आयुष्यात काही घेतलं नाही. केळीची रोपं आली की हा सत्तरीचा माणूस एकेक रोप उन्हात धरून बघणार, आणि पानावर पिवळी रेघ दिसली की गाडीवाल्याला परत देणार.

अशा माणसाच्या घरी हिमानी जन्मली. आठ महिन्यांची असताना पोर पांढरी पडत चालली, तेव्हा तपासण्या झाल्या आणि थॅलेसेमिया निघाला. मुलगा विनायक आणि सून लीला दोघंही धडधाकट. पण दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला होता, आणि पोरीच्या वाट्याला दोन्हीकडचा आला. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी तिला बुऱ्हाणपूरला रक्त चढवायला न्यावं लागतं. नेतात आजोबाच. नऊ वर्षांत त्यांनी एक खेप चुकवलेली नाही.

दुसऱ्या मुलाला लीलाचा ठाम नकार होता. मग इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी मार्ग सांगितला. गर्भ बाहेर प्रयोगशाळेत तयार करायचे, पाचेक दिवसांनी त्यांच्या थोड्या पेशी तपासायच्या, आणि ज्याला हा आजार नसेल तोच आईच्या पोटात सोडायचा.

भाऊ सोबत होते, न बोलावता.

"मग उंची, रंग, तेही बघता येत असेल?"

"नाही. आम्ही फक्त हा आजार बघतो."

"आणि मुलगा का मुलगी?"

"ते सांगितलं तर मी तुरुंगात जाईन. आणि विचारलं म्हणून तुम्हीही."

भाऊ खुर्चीत मागे सरले आणि पंख्याकडे बघू लागले.

घरी आल्यावर त्यांना एकदम धर्म आठवला. "उरलेल्या गर्भांचं काय? आपण कोण ठरवणारे?" दोन दिवस त्यांनी हेच लावून धरलं. शेवटी लीला म्हणाली, "बाबा, सुई पोरीला टोचते. तुम्ही तेव्हा बाहेर चहा प्यायला जाता."

ते खरं होतं.

पुढच्या खेपेला ते आत थांबले. हिमानी खाटेवर पडली होती, हाताला नळी. घरातलं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं.

"आजोबा, ती टेस्ट तेव्हा केली असती तर? मतलब, मला नसतं ना घेतलं?"

समोरच्याला तोंडावर खरं सांगायची भाऊंना हयातभराची सवय. तरी त्यांनी आधी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नसतं घेतलं," ते म्हणाले. "तेव्हा तुझी ओळख नव्हती ना. आता तुझ्या जागी दुसरी कुणी दिली तर मी घेणार नाही."

हिमानीने विचार केला. "म्हणजे मी चुकून आले."

"हो. आणि आम्ही वाचलो."

"मग आणा बाळ. फक्त सुई नको त्याला. आणि माझा पलंग मी देणार नाही."

पाच गर्भांपैकी दोन वापरण्याजोगे निघाले. पहिला टिकला नाही. लीला महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. दुसरा टिकला. मुलगी झाली. कान मोठे, आवाज त्याहून मोठा. तपासून आणलेलं बाळ एवढं रडतं कसं, अशी तक्रार भाऊंनी इंदूरला फोन करून खरोखर केली.

हिमानीच्या खेपा चालूच आहेत. भाऊ मात्र आता गावभर दुसऱ्यांच्या मागे लागतात. गेल्या वर्षी पुतण्या गोटूच्या मुलीच्या सोयरिकीत त्यांनी भर बैठकीत मुलाच्या वडिलांना सांगितलं, "पत्रिका राहू द्या. दोघांचं रक्त तपासा आधी." पाहुणे अर्धे पोहे तसेच टाकून उठले. गोटू आठ दिवस काकांशी बोलला नाही.

नवव्या दिवशी मुलाच्या वडिलांचा भाऊंना फोन आला. आवाज दबका. ही तपासणी बुऱ्हाणपुरात कुठे होते, एवढंच त्यांना विचारायचं होतं. भाऊंनी पत्ता सांगितला, वेळ सांगितली, आणि मीही सोबत येतो म्हणाले. पलीकडून घाईघाईने नको म्हणण्यात आलं.