खिडकीतल्या हिरव्या बांगड्या

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी मी हसते, आमच्या कवठ्यात कुणालाही विचारा. म्हणून हे लिहायला लाज वाटतेय... पण लिहिते.

मागच्या थंडीत छातीत कळ आली, म्हणून शिरूरला अँजिओग्राफी केली. उजव्या मनगटाच्या नसेतून नळी घालतात. सिस्टरनं त्या हातातल्या बांगड्या वाढवल्या आणि घरी सोडताना बजावलं, "आजी, ह्या हाताला दाब नको."

दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ शांता आली. दारातूनच ओरडली, "अक्का, दादा चांगले टुणटुणीत हायेत आन् तुमी मोकळा हात घिऊन बसलाय व्हय?"

"अगं, डॉक्टर नको म्हणलेत."

"डॉक्टरला काय कळतंय सवाशिणीचं!"

खरं सांगते, मलाही तो हात बघवत नव्हता. तिनं साबण लावून, पंजा दाबून दाबून तिच्या हिरव्या बांगड्या चढवल्या आणि गेली. मालक शेतात. मी आतून कडी घातली, पडले.

जाग आली ती ठणक्यानं. हात कोपरापर्यंत टम्म, काळानिळा. आणि बांगड्या... हातात नव्हत्याच! पार पलीकडं खिडकीत एकीला एक लावून ठेवलेल्या. एकही फुटलेली नाही. कडी तशीच.

मालकांना बोलावून शिरूरला पळालो, डॉक्टरांना बांगड्यांचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "दाबल्यामुळं नसेचं तोंड उघडलं, आत रक्त साठलं. ह्या सुजेत बांगड्या राहिल्या असत्या तर पंजा गेला असता, आजी. काढल्या कुणी?"

मला शांताचाच संशय. भिऊन परत आली असणार, कशी का होईना! पण ती म्हणे, "येमाईची शपथ अक्का, मी तवा गिरणीत होते." गिरणीवालाही व्हय म्हणाला. तरी मी तिच्याकडं तिरकंच बघायची.

सूज पुरती उतरल्यावर आम्ही दोघी पाबळच्या बाजारात गेलो. कासारापुढं त्याच बांगड्या ठेवल्या — चढव बाबा. त्यानं साबण लावला, हात दाबला, पिरगाळला... पेरांच्या पुढं सरकेचनात.

"काकू, ह्या तुमच्या मापाच्या न्हाईत. तुमच्या हातात ह्या कवा गेल्याच नसतील."

शांताचं तोंड पांढरंफटक. "अक्का... मीच चढवल्या हुत्या ना?"

घरी आल्यावर बांगड्या परत त्याच खिडकीत ठेवल्या, अजून तिथंच आहेत. झाडताना मी त्यांना हात लावत नाही. आणि आता शांता माझ्याकडं तिरकं बघते.