बंपर काळे करणारा शेजारी

"आदी वाळू द्या की सर!" असं म्हणून तो ओला हात माझ्या आणि गाडीच्या मध्ये धरायचा. काळं प्लॅस्टिक ओलं असताना त्याला कुणी बोट लावलेलं खपायचं नाही.

मी सोलापुरात नोकरीला होतो तेव्हा शुक्रवार पेठेत तो आमच्या समोर राहायचा. दारातच गाड्या धुवायचा. उन्हानं पांढरट पडलेले बंपर आणि दारांवरच्या पट्ट्या काळ्या करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मऊ ब्रशनं खाचांतला मळ काढायचा, सावलीत वाळवायचा, मग स्पंजानं काळ्या पॉलिशचा पातळसा थर चोळायचा.

"लोकं खोबरेल लावत्यात. दोन दिस चमकतंय, मग समदी धूळ चिकटती." आणि हसून, "आपला धंदाच तोंडं काळी करायचा, सर."

हे चालू असताना दर दोन मिनिटांनी खिडकीकडे बघून म्हणायचा, "हाय हितंच, अण्णा."

आत खाटेवर वडील. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला. हा लहान असताना महिना महिना घरी नसायचे. अर्धांगवायू झाल्यापासून मात्र मुलगा नजरेआड झाला की ओरडायचे. घरात तिसरं माणूस नव्हतं.

एकदा पुण्याच्या एका शोरूमनं त्याला कामाला बोलावलं. शेजारणीला बसवून तो निघाला. वाटेत टेंभुर्णीत फोन आला, अण्णा खाटेवरून पडले. तिथूनच उलटी एसटी धरली.

मी हळहळलो तर म्हणाला, "कुणावर चिडू, सर? त्यास्नी तरी कुटं हलता येतंय?"

माझी बदली झाली. निघण्याआधीच्या रविवारी त्यानं माझी जुनी गाडी नव्यासारखी करून दिली. मी किल्ली त्याच्याच हातात ठेवली.

"अण्णांपाशी मी बसतो. संध्याकाळपर्यंत गाडी तुझी. कुठंही जा."

त्यानं हात धुतले, शर्ट बदलला, केस विंचरले आणि गेला.

अर्ध्या तासात गाडी परत दारात उभी.

"काय रे, काय झालं?"

"काय न्हाय. हायवेपर्यंत गेलो. तितं थांबलो, पर कुटं जावं तेच सुचंना." त्यानं आत डोकावलं. "लई वरडले का?"

"नाही रे. तू गेल्यापासून झोपलेच आहेत."

"एकदाबी हाक मारली न्हाय?"

"नाही."

तो मटकन उंबऱ्यावर बसला. किल्ली मुठीत आवळलेली होती. मी ती मागितली नाही; संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.