न लागलेली जोड

सोमवारी सकाळी मी आठवड्याची यादी करते. गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी त्या यादीत चौथी ओळ होती, 'मिस्त्रींना फोन'. ती आदल्या आठवड्यातही होती आणि त्याच्या आदल्याही. न झालेलं काम पुढच्या यादीत उतरवून घ्यायचं, ही माझी सवय. साडेदहाच्या सुमारास पॅटर्न शॉपमधला रफिक स्टोअरच्या खिडकीशी आला आणि काही न मागता नुसता उभा राहिला. खिडकीशी येऊन काहीच न मागणारा माणूस मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. "बाई, आनंदा मिस्त्री गेलं," तो म्हणाला. "पहाटं. कोडोलीत, घरातच." मी पेन उचललं, चौथ्या ओळीवर रेघ मारायला गेले आणि हात थांबला. रेघ मी झालेल्या कामावर मारते. हे काम झालं नव्हतं...

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी स्टोअर सांभाळते. मिस्त्री आमचे पॅटर्नमेकर. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडात हुबेहूब नमुना, म्हणजे पॅटर्न, करावा लागतो. तो ते करायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आवाज असा की लेथ चालू असतानाही ऐकू यावा. आमचं नातं ना गावाचं, ना भावकीचं. ते होतं आइस हॉकीचं. हसू येईल, पण खरं आहे. हा खेळ बघणारी आणखी माणसं कोल्हापुरात असतीलही. मला ठाऊक असलेली दोनच होती, मिस्त्री आणि मी.

सुरुवात माझ्या चुकीने झाली. कंपनीने मिस्त्रींना एका हिवाळ्यात सहा महिने कॅनडाला शिकायला पाठवलं होतं. तिथे एका म्हाताऱ्याच्या घरी ते भाड्याने राहायचे. यांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला यांची. रोज संध्याकाळी दोघं टीव्हीवर आइस हॉकी बघत बसायचे. म्हातारा बोट दाखवून खेळाडूचं नाव सांगायचा, मिस्त्री मान डोलवायचे. निघताना म्हाताऱ्याने खेळातली चकती भेट दिली, टणक काळ्या रबराची, तळहातात मावणारी. ती सगळ्यांना दाखवायला म्हणून मिस्त्रींनी कारखान्यात आणली आणि माझ्या खिडकीत ठेवून चहाला गेले. मी नोकरीत नवी, आणि नोंद नसलेली वस्तू मला सहन होत नाही. मी रजिस्टरात लिहिलं, 'रबर पॅड, गोल, काळा, नग एक', आणि दुपारीच मेन्टेनन्सला देऊन टाकला. त्यांना थरथरणाऱ्या ड्रिल मशीनच्या पायाखाली घालायला तसलंच काहीतरी हवं होतं.

"ओ बाई, हितं माझं एक काळं रबर ठेवलंतं."

"ते होय? ड्रिल मशीनखाली आहे. मशीन आता अजिबात हलत नाही बघा."

मिस्त्री जाऊन वाकून बघून आले. आता माझी खैर नाही, असं मला वाटलं. ते म्हणाले, "त्यो म्हातारा हितं असता तर हसून हसून मेला असता." मग हात झटकत, "असू दे तिथंच. काम करतंय की." आणि ती वस्तू नक्की काय होती, हे मला कळावं म्हणून त्यांनी जेवणाची सगळी सुट्टी खिडकीशी उभं राहून बर्फ, काठी आणि गोलकीपर समजावून सांगितला.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती सुट्टी आमचीच झाली. खेळाडूंची परकी नावं मिस्त्रींच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. डोक्याला काही न घालता खेळायच्या काळातला तो बिनटोप्या. त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेला, कुणाच्या हाती न लागणारा तो पाखरू. आणखी डावरा होता, आजोबा होता. पुढे मोबाईल आले. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे मिस्त्री कोडोलीहून येताना बसमध्येच सामना बघून यायचे. वाद मात्र एकच: सगळ्या काळांत मिळून पहिला नंबर कुणाचा? मी वही घातली, रकाने आखले. किती वर्षं खेळला, किती गोल, किती करंडक. बेरीज केली की पाखरूच वर. मिस्त्रींना वही आवडायची, बेरीज आवडायची नाही.

"जोड अशी लागत नसती, बाई," ते म्हणायचे. कुस्तीच्या मैदानात वजन, वय, तयारी बघून दोन पैलवान समोरासमोर ठरवतात, ती जोड. "जोड लावायला दोघं एका मातीत उभं पाहिजेत. ह्यो त्या काळातला, त्यो ह्या काळातला. माती कुणाची घेणार?"

"मग तुलना करायचीच नाही का?"

"करायची की! न्हाईतर जेवताना बोलायचं काय? तुमच्या डब्यातल्या दोडक्यावर?"

एकदा मात्र ते गंभीर झाले. माझा गोलांचा रकाना त्यांनी बोटाने दाबून धरला. "हे तुमी कास्टिंग मोजताय, ओतून निघालेलं नग. एका पॅटर्नवर हजार कास्टिंग निघत्यात. बिनटोप्यानं पैल्यांदा त्यो मनगटाचा फटका काढला. पाखरानं त्योच मारून गोल केलं. मग पॅटर्न कुणाचा?" मी म्हटलं, पॅटर्न मोजता येत नाही. ते म्हणाले, "म्हनून तर त्यो अडगळीत पडतो." त्या वर्षी आमच्याकडे पॅटर्न संगणकावर कापून यायला लागले होते आणि मिस्त्रींनी केलेले लाकडी नमुने माझ्याच स्टोअरच्या वरच्या फळीवर, लेबल लावून, ठेवलेले होते. मी तेव्हा विषय बदलला. बदलायला नको होता...

ते निवृत्त झाले तेव्हा मी दुसरी चूक केली. पहिलीपेक्षा मोठी. निरोपाला काहीतरी त्यांना आवडेल असं द्यावं, म्हणून मी यादी पक्की केली. माझी बेरीज बाजूला ठेवली, बिनटोप्याला पहिल्या नंबरावर बसवलं, पाखरूला दुसऱ्या, आणि टाइप करून, लॅमिनेट करून त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी कागद उलटा केला, सुलटा केला. "छान हाय," म्हणाले. "मग मिटलं म्हनायचं." मला वाटलं, खूश झाले. पहिल्या वर्षी फोन आले. गुडघा, ऊस, नातीची शाळा. हॉकीचं नाव निघालं नाही. पुढे तेही कमी झाले. आणि माझ्या यादीत ती चौथी ओळ आली.

दिवसकार्य झाल्यावर कोडोलीला गेले. मिस्त्रींच्या पत्नी शालन वहिनींनी चहा दिला आणि न विचारताच आतून तो लॅमिनेट केलेला कागद आणला. चकचकीतपणा गेला होता, सगळा निळसर पडला होता. "दर ऐतवारी ह्यो घिऊन बसायचं," त्या म्हणाल्या. "नातीचं मार्कर पेन घ्यायचं, नंबर लिवायचं, फडक्यानं पुसायचं, परत लिवायचं. मोठ्यानं भांडायचं बी एकल्यानंच. मी म्हनायची, अवो त्या बाईस्नी फोन लावा की. तर म्हनायचं, त्यांनी वाद मिटवलाया. कशाला उगं तरास."

मी कागद उजेडाकडे धरला. चहा निवला.

त्यांच्या हातचे शेवटचे आकडे अजून त्यावर आहेत. पाखरूपुढे एक. बिनटोप्यापुढे दोन. इतकी वर्षं ज्याच्यासाठी माझ्याशी भांडले त्याला त्यांनी स्वतः खाली उतरवला होता. मी वादातून उठून गेले होते, तेव्हा माझी बाजू मांडायला कुणी उरलं नव्हतं; ती त्यांनीच मांडली. आणि तिकडे ते माझ्या बाजूने भांडत होते त्या वर्षांत, वरच्या फळीवरचे ते लाकडी नमुने रोज बघून बघून, मी इकडे त्यांच्या बाजूला सरकले होते. तो फोन केला असता तर मी हेच सांगणार होते.

वहिनींनी दिलेला तो कागद आता स्टोअरच्या खिडकीत आहे. ड्रिल मशीन अजून चालतं, हलत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडते आणि त्या निळ्या आकड्यांकडे बघत जेवते. मार्कर ड्रॉवरमध्ये आहे, फडकंही आहे. मिस्त्री, पाखरू पहिला नाही. पॅटर्न बिनटोप्याचा. चुकलात तुम्ही... पण तुमचा आकडा पुसायचा कसा? पुसलं की तुमचं अक्षर जाईल, आणि नाही पुसलं तर वाद मिटला म्हणायचा.

आजच्या डब्यात दोडकाच होता.