बारा बाजूंचं नाटक

तुळजापुरात आम्ही राहायला आलो तेव्हा माझं शिक्षण हैदराबादच्या इंग्रजी शाळेत संपलं होतं आणि पुढं काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. वडील कचेरीत कारकून. त्यांचं उर्दू आता कामाचं राहिलं नव्हतं, म्हणून ते संध्याकाळी मराठी मसुदे गिरवत बसत. मला गिरवायलाही काही नव्हतं. एका पुजाऱ्यांच्या घराच्या माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. मी दिवसभर पुस्तक उघडायची, मिटायची, उठायची, पुन्हा बसायची. कुणी बोलायला आलं तर उत्तर मनात आधी इंग्रजीत तयार व्हायचं, आणि मराठीत येईपर्यंत समोरचं माणूस निघून गेलेलं असायचं.

घरात एक चावीचा ग्रामोफोन होता आणि तबकड्यांचा एक संच. जाड पुठ्ठ्याची वही असावी तसा, आत सहा कागदी खिसे, सहा तबकड्या, बारा बाजू. एकाच गायिकेची बारा भावगीतं. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे मला माहीतच नव्हतं. मी ती क्रमानं ऐकली आणि मला एकच बाई दिसायला लागली. पहिल्या बाजूला सडा घालणारी, तिसऱ्या बाजूला पत्राची वाट पाहणारी, सातव्या बाजूला रुसलेली, बाराव्या बाजूला एकटीच हसणारी. आमच्या शाळेतल्या एका बाईंकडे परदेशी नाटकांच्या तबकड्या होत्या. त्यांत माणसं बोलता बोलता गायला लागत. मला वाटलं, इथं गाणी तयार आहेत, फक्त बोलणं कुणीतरी लिहायचं राहिलंय.

मग मला नादच लागला. कुठलीही तबकडी वाजली की हिचं नाटक होईल का, हे मी बघायची. भक्तिगीतांच्या संचाचं होईना, कारण त्यांत भांडण नव्हतं. सिनेमातल्या गाण्यांचं होईना, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिनेमाच उभा राहायचा. लग्नाच्या गाण्यांचं पहिल्या अर्ध्या तासात संपून जायचं. उरली माझी बारा बाजूंची बाई. पंधरा दिवसांत मी मधले संवाद लिहून काढले.

ती गाणी गाणार कोण, याचं मात्र उत्तर ठरेल असा एकच आवाज मी ऐकला होता. खालच्या घरमालकांची सून. मी त्यांना वहिनी म्हणायची. त्या विहिरीवर, चुलीपाशी, अगदी बारीक आवाजात गुणगुणायच्या आणि सासू आली की गप्प व्हायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये दुपारी होणार होता, फक्त बायकांसाठी. मी वहिनींना विचारलं. त्यांनी हातातली भाकरी परातीतच ठेवली.

"मला गायचंय हो ताई," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासनं मोकळ्या गळ्यानं गायलेच न्हाय. पण आत्याबाईंना इचारायचं कुणी?"

मीच विचारलं. कसं, ते आता आठवत नाही. त्यांच्या सासूबाईंना सगळी गल्ली काकू म्हणायची. त्या तीळ निवडत होत्या.

"नाटकातली पदं तबकडीवर येतात, हे ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "तबकडीवरची गाणी नाटकात जात्यात व्हय? हे इंग्रजी शाळेत शिकवतात का?"

"नाही काकू. मीच केलंय."

"आमच्या घरातली सून लोकांपुढं उभी राहून गाणार न्हाय." मग बरेच तीळ निवडून झाल्यावर: "पडद्यामागं गाऊ दे. तबकडीवरची बाई दिसती का कुणाला? तसंच."

म्हणजे पुढं उभं राहून कुणीतरी ओठ हलवायचे. मंडळातली एकही बाई तयार होईना; एकीनं फक्त पत्र आणणारा पोस्टमन व्हायला होकार दिला. सगळी गाणी मलाच पाठ होती. चार माणसांत बोलायला घाबरणारी मी दोनशे बायकांसमोर उभी राहणार, या विचारानं मला आठवडाभर जेवण गेलं नाही. पण मी नाही म्हटलं असतं तर वहिनीही गायल्या नसत्या.

तालमी आमच्या माडीवर झाल्या. सातव्या गाण्यात एक अडचण निघाली. दुसऱ्या कडव्यात 'उद्या' हा शब्द एकदाच येतो. वहिनी तो चार वेळा म्हणायच्या, आणि चौथ्या वेळी आवाजाला एक छोटा हिसका द्यायच्या.

"वहिनी, एकदाच आहे."

"चारदा हाय. म्या ल्हानपणापासनं ऐकतेय."

मी तबकडी लावून दाखवली. त्या चकित झाल्या. मग उलगडा झाला. वहिनींचं माहेरही तुळजापुरातलंच, आणि गावात कर्णा भाड्यानं देणारा एकच होता. लग्न असो, जत्रा असो, त्याचीच तबकडी वाजायची, आणि तिच्यावर नेमका तिथं ओरखडा होता. सुई तीनदा मागं जायची, मग तो बोटानं ढकलायचा. बोटाचा तो धक्कासुद्धा वहिनींनी गळ्यात उतरवला होता. मी त्यांच्याकडून 'उद्या' एकदाच म्हणवून घेतलं. वीस वेळा तरी.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर वाणाची पिशवी. पहिली सहा गाणी पार पडली. माझे ओठ बरोबर चालले होते. संवाद मी पाठ केल्यासारखे म्हटले. पोस्टमन झालेल्या बाईंची टोपी पडली तेव्हा मात्र बायका खरंच हसल्या.

सातव्या गाण्याला मी 'उद्या' म्हणून पुढच्या शब्दाला ओठ उघडले आणि पडद्यामागून दुसऱ्यांदा 'उद्या' आलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तर अख्ख्या हॉलनं म्हटलं, हिसक्यासकट. सगळ्यांना गाणं तसंच ठाऊक होतं. चुकली होती ती एकटी मी, तोंड भलत्याच शब्दावर उघडं ठेवून उभी.

"अगं, ही गात न्हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. "आत कोण हाय?"

"पुजाऱ्यांची सून. मला आवाज ठाऊक हाय."

पडद्यामागचं गाणं थांबलं. सगळ्या माना काकूंकडे वळल्या. काकूंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. आता त्या उठून जातील, वहिनींना घेऊन जातील, आणि घरी ते बारीक गुणगुणणंही बंद होईल, हे मला स्पष्ट दिसलं. ते सगळं माझ्यामुळं होणार होतं.

"तू का गं उभी?" काकू मला म्हणाल्या. "खाली बस." मग पडद्याकडे: "आन् तू. अर्ध्यात गाणं सोडून काय बसलीस? ये बाहेर. पदर घे डोईवर."

वहिनी बाहेर आल्या. कुणाकडेही न बघता त्यांनी सातवं गाणं पहिल्यापासून म्हटलं. मग आठवं, नववं, एकामागून एक. मधले माझे संवाद कुणी मागितले नाहीत. पोस्टमन झालेल्या बाई हातात पत्र घेऊन थोडा वेळ थांबल्या आणि प्रेक्षकांत जाऊन बसल्या. मी स्टेजच्या कडेला खाली बसून ऐकत होते. आवाज असा मोठा, असा मोकळा असेल, हे मला माडीवरच्या तालमीत कळलं नव्हतं. मला आनंद झाला होता आणि माझी पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात गेली म्हणून रागही आला होता. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही लपवत.

घरी जिन्यापाशी काकूंनी मला थांबवलं.

"गाणी चांगली झाली," त्या म्हणाल्या. "पण सुरवातीला ती नाटकातली बाई मधे मधे इतकं का बोलत होती?"

"चुकलं काकू," मी म्हणाले.

वर जावंसं वाटेना, खाली थांबावंसंही वाटेना. मी जिन्यातच बसले. आत चूल पेटवता पेटवता वहिनी दहावं गाणं म्हणत होत्या, सवयीनं बारीक आवाजात. काकू ओसरीवरून ओरडल्या, "मोठ्यानं म्हण की! इथवर ऐकू येईना."