उजव्या हाताचे प्रश्न

"उत्तम!" कसे आहात विचारलं की माझे शाळेतले सर चष्मा वर सरकवत एवढंच म्हणायचे. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर उजवा हात अर्धाच परतलेला, जीभ जड, तरी उत्तमच. अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. त्यांचा रागही येतो आणि काळजीही वाटते.

मी तेव्हा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत होतो. इंटरनेट नुकतंच घरात येत होतं. सरांच्या डॉक्टरांनी एक काम दिलं: झटका येऊन गेलेल्या पेशंटनी घरूनच रोज काही प्रश्नांची उत्तरं भरायची, 'पाठवा' दाबलं की ती फोनच्या तारेतून दवाखान्यात दिसली पाहिजेत. दुसऱ्या झटक्याआधी काही कळलं तर माणूस वाचेल, म्हणाले. सर डोंबिवलीत आमच्याच वरच्या मजल्यावर. पहिले पेशंट तेच. संध्याकाळी आमच्या घरी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले की आधी माझं शुद्धलेखन काढायचे.

"अरे, 'स्थिती'तली पहिली वेलांटी पहिली! मराठी कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, सर."

पहिला प्रश्न होता, आज कसे आहात? सर रोज 'उत्तम' भरायचे.

एकदा त्यांच्या पत्नी जिन्यात भेटल्या. "तीन दिवस यांच्या हातातून कप निसटतोय रे." मी सरांना जाऊन विचारलं, "मग उत्तम का भरलंत?"

"कसे आहात विचारल्यावर रडगाणं गायचं का?"

चूक माझीच होती. ख्यालीखुशाली विचारली की आपल्याकडे कोण खरं सांगतं? दुसऱ्याच दिवशी मी प्रश्न बदलले. उजव्या हाताने कप धरलात? बटण लावलंत? आंघोळीचा तांब्या उचललात? जिना न थांबता चढलात? हो किंवा नाही. पहिलं 'नाही' भरताना सर कितीतरी वेळ थांबले. मला बघवेना, मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी त्यांना बोलावून गोळ्या बदलल्या. तेव्हापासून संध्याकाळ झाली की ऑफिसात माझा जीव थाऱ्यावर नसे.

एकदा घरी पोचलो तर आई म्हणाली, "सर येऊन गेले. फोन बंद पडलाय, तुझं ते लागलंच नाही. मी विचारलं, बरं आहे ना? तर उत्तम म्हणाले."

स्क्रीनवर चारही 'नाही' भरलेली होती. मी धावत वर गेलो. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, आत्ताच जवळच्या हॉस्पिटलात नेलं, फोन बंद म्हणून त्यांच्या डॉक्टरांना कळवताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्मशानातून परतलो. फोन सुरू झाला होता. का कोण जाणे, मी 'पाठवा' दाबलं.

थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला. आवाजात घाई होती.

"चारही नाही? अरे, सरांना ताबडतोब घेऊन ये!"