एका दिवसाची जास्वंद

माझा धाकटा भाऊ धनंजय उकिडवे हा भला माणूस आहे, असं सगळे म्हणतात. त्यांना त्याच्याबरोबर राहावं लागत नाही. रेल्वेत सिग्नल इंजिनिअर होता. तरुणपणी साताऱ्याहून लखनौला आला तो निवृत्तीनंतरही इथेच, विकास नगरात राहिला. दोन गाड्या एका रुळावर येऊ नयेत म्हणून जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसल्यामुळे त्याचा आता कशावरच विश्वास उरलेला नाही. गॅस बंद केला तरी हात लावून बघतो, आणि मग पद्माला, म्हणजे बायकोला, पुन्हा बघायला पाठवतो. नवरा गेल्यावर मी बँकेतली माझी पेन्शन आणि दोन ट्रंका घेऊन याच्या खालच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा याचं स्वागताचं वाक्य होतं, "ताई, खालचा नळ जोरात पिळू नकोस."

कोणाला चांगलं म्हणायचं नाही हा त्याचा नेम. जिव्हाळा सगळा गच्चीवर, जास्वंदींसाठी. एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचे, बोंड धरलं की त्याला मलमलीची पिशवी बांधायची, बी पेरायचं आणि दीड-दोन वर्षं वाट बघायची. शेवटी बहुतेक वेळा नर्सरीत मिळतं तसंच लालभडक फूल येतं आणि हा दोन दिवस घुम्यासारखा बसतो.

गेल्या हिवाळ्यात आठवडाभर धुकं विरलंच नाही. त्याची सगळी नवी रोपं काळी पडली. एक वाचलं, तेही किरकोळ, पाठीत वाकलेलं. यंदा दिवाळीच्या आधी त्याला कळी आली. धनंजय संध्याकाळी तिच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागला.

फूल उमललं त्या पहाटे पद्मा नेहमीसारखी परडी घेऊन गच्चीवर गेली. आमच्या घरची रीत आहे, नव्या झाडाचं पहिलं फूल देवाला. आमच्या आईनेच ती सुनेला घालून दिलेली. पद्माने ते तोडलं आणि गणपतीला वाहिलं.

मी वर चहाला गेले तर धनंजय देवघरापुढे मांडी घालून, डोळ्यांना भिंग लावून बसलेला. पद्मा मला हळूच म्हणाली, "वन्सं, आज बघा, अगदी ध्यान लागलंय यांचं."

"ध्यान कसलं," धनंजय न वळता म्हणाला. "विटकरी आहे. कडेला पिवळं, आत जांभळा डोळा. असं मी कुठेच पाहिलेलं नाही. आणि ते तू तोडलंस."

पद्माच्या हातातली उदबत्ती खाली आली. तिची तरी काय चूक? रीत सासूची, देव घरचा. संध्याकाळी फूल मिटलं. जास्वंद ती, एका दिवसाची.

झाडावर आणखी एकच कळी होती. त्याने दोनदा कलम करून पाहिलं होतं, धरलं नव्हतं. जेवताना तो म्हणाला, "हे झाड हा थंडीचा जाडा काढत नाही. निदान असं फूल झालं होतं, एवढा एक धड फोटो तरी राहायला हवा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी नुकताच फुलांच्या क्लोज-अपचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि तो केल्याचं जानकीपुरमपासून गोमती नगरापर्यंत प्रत्येक मराठी घरात कळवलं होतं. मी हात पुसत म्हटलं, "फोटोचं माझ्यावर सोड."

"तुझ्यावर?" धनंजय म्हणाला. "तुझ्या गुलाबाच्या फोटोत मागच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचता येतात. गुलाब कुठे आहे ते विचारावं लागतं."

खरं होतं. खोटं बोलून काय फायदा? सुप्रभातच्या माझ्या फोटोंना लोक जे हात जोडायचे, ते मला वाटायचं दाद म्हणून. कळी वाढेपर्यंत मी शेजारच्या झेंडूवर सराव सुरू केला. कोर्समधल्या मुलीने सांगितलेलं एकेक मी करून पाहिलं आणि दरवेळी मला नवा शोध लागला की दोष फोनचा नव्हता. मी फुलाच्या इतकी जवळ जायची की फोन बावचळायचा, सगळं धूसर. वीतभर मागे सरले, मोठं नंतर करता येतं हे लक्षात घेतलं, तर झेंडू झेंडूसारखा दिसायला लागला. उन्हात रंग फटफटतो, पाकळीवरच्या शिरा जातात. म्हणून सावली हवी आणि स्क्रीनवर बोट ओढून उजेड थोडा उतरवायला हवा. हात थरथरतात म्हणून उपड्या बादलीवर कोपरं टेकवायची. मग गुडघे बोलायला लागतात, ते निराळं. एका फोटोत फारच सुंदर मऊ सावली आली म्हणून मी खूश झाले. ती माझ्या डोक्याची होती.

धनंजय हे सगळं स्टुलावरून बघायचा. "ताई, यार, श्वास सोडू नकोस. फूल हलतंय."

"मी मेले की हलायचं थांबेल. तोवर गप्प बस."

ज्या दिवशी कळी उमलणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी वारा सुटला. सकाळी फूल उघडलं ते डोलतच. मी बादली मांडली, कोपरं टेकवली, उजेड उतरवला आणि एकामागून एक फोटो काढत सुटले. विटकरी ढग, विटकरी वावटळ, एकात नुसता पिवळा शेपटा. फोन हातात घेऊन धनंजयने सगळे पाहिले. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे. नव्हतंच नशिबात."

सिग्नल इंजिनिअर नशिबाचं नाव घ्यायला लागला की मामला संपला समजावं. मला माझ्याच कोर्सची लाज वाटली.

"कुंडी आत घेऊ या," मी म्हटलं.

"मुळं हलतील. आधीच अर्धमेलं आहे."

पद्मा परडी घेऊन जिन्यात उभी होती. पूजा व्हायची होती म्हणून तोंडात पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता, आणि या झाडाकडे तिने परडी फिरवलीसुद्धा नव्हती. ती खाली गेली आणि धनंजयचं पूजेचं धोतर घेऊन आली. "वन्सं, लग्नात अंतरपाट धरतात तसं धरलं तर?"

"वारा अडेल का?" धनंजयने विचारलं.

"अडेल की नाही ते बघू. नुसते उभे राहून काय करता?"

मग धनंजयने दोन टोकं धरली, पद्माने दोन, आणि शुभ्र धोतर फुलाच्या वाऱ्याकडच्या अंगाला ताणून दोघं उभे राहिले. ऊन त्या कापडातून गाळून आलं, दुधासारखं. फूल एकदा थरारलं आणि थांबलं. मी बादलीवर लवंडले.

"मंगलाष्टकं म्हणू का?" पद्मा म्हणाली.

"हसवू नकोस ग मेले, फोन हलतोय!"

"भाभीजी, किसकी शादी है?" शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या सक्सेनाबाई ओरडल्या.

"फूल की!" धनंजय ओरडला. इतक्या वर्षांत त्याने शेजाऱ्यांशी केलेला तो पहिला विनोद असावा.

मी स्क्रीनवर फुलाच्या मधल्या दांड्याच्या टोकावर बोट टेकवलं, श्वास धरला आणि दाबलं. आला. टोकाचे पाच मखमली ठिपके, दांड्यावरचा एकेक परागकण, जांभळ्या डोळ्यातून कडेपर्यंत धावणाऱ्या शिरा, सगळं. मागची टाकी कुठल्या कुठे विरून गेली होती.

धनंजयने तो फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, फोन उलटा धरून पाहिला. मी आयुष्यातल्या पहिल्या शाबासकीसाठी पदर सावरून उभी.

"डावीकडची पाकळी जरा कापली गेलीय," तो म्हणाला.

पद्माने त्या दिवशी गणपतीला तगर वाहिली.

जानेवारीत धुकं आलं. धनंजयने झाडाला जुन्या गोणपाटात गुंडाळलं, रात्री बल्ब लावला, पण ते गेलं. आता ती जास्वंद जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे आठवड्यातून दोनदा जमिनीवर पडणारा माझा फोन. फोटो मी त्याला पाठवलाय, पुण्याला त्याच्या मुलाला, समीरला पाठवलाय, बाजारात जाऊन कागदावरही काढून आणलाय. पण दुहेरी-तिहेरी खात्री करणारा माणूस तो, त्याचं समाधान कसं होणार? "ओरिजिनल तुझ्याकडे आहे," असं म्हणतो.

कधी माझ्या खोकल्याची चौकशी न केलेला हा माझा भाऊ आता रोज जिन्यावरून वाकून विचारतो, "ताई, ठीक आहे ना?"

"मी ठीक आहे रे."

"तू नाही. फोन."