डाव्या बटणाचं रबर

"हात वर कर."

मी केला.

"अजून वर. कॅमेऱ्यात येत नाहीये. बोटं दिसू देत सगळ्यांना."

बोटं असती तर दिसली असती की, भल्या माणसा. पण हे मी मनात म्हणलं. तोंड बंद ठेवायची सवय आम्हाला आईच्या दुधातूनच लागलेली.

निखिल साहेबानं माझं मनगट धरलं. बाजारात वांगं फिरवून किडकं आहे का बघतात, तसा माझा डावा हात लॅपटॉपपुढं फिरवला. अंगठ्याशेजारचं बोट नाही. मधलंही नाही. उरलेल्या दोन बोटांच्या नखांत ग्रीस. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत माणसं बसलेली. दुसऱ्या कारखान्यांतली, वरच्या ऑफिसातली. एका चौकोनातली बाई "ईऽऽ" म्हणाली आणि तिनं मान फिरवली.

"ये देखिए," साहेब म्हणाला. "लापरवाही का नतीजा."

मग पडद्याच्या खालून पिवळे अंगठे वर यायला लागले. शाब्बासकीचे अंगठे. कुणी कुणी आपापल्या फोनवर दाबलेले. माझ्या थोट्या हातावरून तरंगत वर गेले आणि विरले. शाब्बासकी कुणाला होती, देव जाणे. मला तर नव्हतीच.

याला ऑनलाइन सेफ्टी ट्रेनिंग म्हणतात. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये ते दर वर्षी व्हायचं, आणि दर वर्षी त्यात माझा हात असायचा.

मी लातूरकडचा. बाप पाटलाच्या ओट्याखाली हात जोडून उभा राहायचा, चप्पल काखेत. मी पोरपणीच ठरवलं होतं, आपले हात जोडायला नाहीत, कामाला लावायचे. म्हणून आयटीआय केला, म्हणून इतक्या लांब चेन्नईत आलो. इथं कोण विचारतंय तुझी आळी कुठली? इथं भाषाच कळत नाही तर जात कशी कळंल, असं वाटायचं. कसलं काय! निखिल साहेब पुण्याचा निघाला. सेफ्टी ऑफिसर. पहिल्याच दिवशी मराठीत बोलला, जीव सुखावला माझा. मग त्यानं आडनाव विचारलं. गाव विचारलं. गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. "अच्छा अच्छा," म्हणाला. माझ्या पुतण्याच्या वयाचा, पण तेव्हापासून मी 'अरे' आणि तो 'साहेब'.

आता हाताचं सांगतो. ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे पत्र्यावर घाव पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, बाहेर. किती साधी युक्ती! पण दोन्ही हात बाहेर ठेवले की माल कमी निघतो. म्हणून आमच्याकडं डाव्या बटणाला टायरच्या ट्यूबचं रबर गुंडाळतात. घट्ट. बटण कायमचं दाबलेलं राहतं. मग उजव्या हातानं बटण मारायचं, डाव्या हातानं तयार तुकडा ओढायचा, नवा पत्रा सरकवायचा. माल धडाधड. सुपरवायझर खूश. रबराशिवाय काम कर म्हणणारा कुणी नाही, आणि रबर लाव असं लिहून देणाराही कुणी नाही.

त्या दिवशी तुकडा अडकला. मी डाव्या हातानं तो ओढत होतो आणि उजवा हात सवयीनं बटणावर पडला. माझ्याच उजव्या हातानं माझा डावा हात चेचला. दुखलं नाही आधी. आवाज आला. ओला आवाज. मग शेजारच्या मशीनवरची सेल्वी किंचाळली, तेव्हा मला कळलं की काहीतरी माझंच झालंय.

दवाखान्यातून परत आलो तर माझी चूक ठरून गेली होती. "बटण कुणी दाबलं? यानंच." मला कुणी विचारलंच नाही. साहेबानं मेहरबानी केली, कामावरून काढलं नाही. हलकं काम दिलं. झाडलोट, तेल घालणं, आणि ट्रेनिंगला हात दाखवणं. आणि अजून एक. ट्रेनिंगच्या आदल्या दिवशी सगळ्या मशीनची रबरं काढून ठेवायची, कारण वरून कोण बघेल सांगता येत नाही. ट्रेनिंग संपलं की परत लावायची. ज्या रबरानं माझी बोटं खाल्ली, ते रबर दुसऱ्यांच्या मशीनला मी लावायचं. उरलेल्या बोटांनी. थू!

माझ्या जुन्या प्रेसवर आता सेल्वी बसते. नवरा गेलेली बाई, दोन लेकरं. मला 'अण्णा' म्हणते. डब्यातला लिंबूभात अर्धा माझ्या झाकणात टाकते. तिचा डावा हात आत जातो आणि बाहेर येतो. आत जातो, बाहेर येतो. झाडू मारताना मी तेवढंच बघायचो. घरी जेवताना भाकरी मोडली की तोच हात दिसायचा.

यंदा ट्रेनिंग मोठं होतं. ज्या कंपनीला आमचा माल जातो, तिथली मोठी मॅडम पडद्यावर येणार होती. साहेब लोक वर ए.सी.त. आम्ही स्टोअरच्या शेडमध्ये फरशीवर, सगळ्यांना मिळून एक लॅपटॉप, शिवाय ज्याचा त्याचा फोन. निखिल साहेब आमच्यात उभा, पांढरी टोपी घालून. प्रश्न इंग्रजीत आले, खाली उत्तरं ए, बी, सी, डी. ओडिया पोरं, बिहारी पोरं, तमिळ बाया, एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत. सुपरवायझर मागून ओरडला, "बी दाबा, बी!" सगळ्यांनी बी दाबलं. सगळे पास. फोनवर रंगीत सर्टिफिकेट आलं. सेल्वीनं मला विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणलं, तुला सगळं येतं असं लिहिलंय. ती हसली. मला हसू आलं नाही.

मग साहेबानं मला बोट वाकवून बोलावलं.

"हात वर कर."

मी उठलो. माझ्या खिशात सेल्वीच्या मशीनचं रबर होतं, आदल्या दिवशी काढलेलं. ठरवून ठेवलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण खिशात हात गेला, रबर लागलं, आणि डोक्यात काहीतरी तडकलं. मी ते रबर थोट्या बोटांवर अडकवलं आणि हात वर केला. चांगला उंच. मोडक्या हिंदीत बोललो, पण मोठ्यानं.

"मॅडम, लापरवाही नही. ये रबर. बटन को बांधते है. कल निकाला, आज शाम को फिर लगेगा."

पडद्यावरची तोंडं तशीच. मला वाटलं, आता होईल. आता कुणीतरी विचारंल.

साहेबानं लॅपटॉपच्या डोळ्यावर पंजा ठेवला, दुसऱ्या हातानं आमच्याकडचा आवाज बंद केला. पण तिकडचा आवाज येत होता. मॅडम हिंदीतच म्हणाली, "ठीक है, आगे बढ़िए. टाइम कम है."

एवढंच. म्हणजे तिनं ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, आशेला जागा राहिली असती. थोड्या वेळानं पडद्यावर परत अंगठे यायला लागले.

संपल्यावर साहेब मला कोपऱ्यात घेऊन गेला. मराठीत बोलला, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. "आपला माणूस म्हणून ठेवला होता तुला. तुम्ही लोक सुधारणार नाही कधी."

तुम्ही लोक. अंबत्तूरपर्यंत आलं ते माझ्यामागं.

"जा, रबरं लाव. काम थांबलंय."

"लावणार नाही."

"मग घरी बस."

"बसतो. पण माझ्या हातानं नाही लागणार."

मी बाहेर पडताना वळून बघितलं. सेल्वी स्टोअरमधून जुनी ट्यूब घेऊन आली होती. कात्रीनं पट्टी कापत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "कोविच्चुकादींग, अण्णा." रागावू नका, अण्णा. आणि पट्टी बटणाला गुंडाळली. मी तिला काय म्हणणार? माल कमी निघाला की उद्या तिच्या जागी दुसरी. लेकरं तिची आहेत, माझी नाहीत. पण मला राग आला, आणि अजून आहे. तिचा नाही. तिला कात्री उचलायला लावणाऱ्यांचा.

तक्रार करायला सरकारी ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं कंपनीला फोन लावला, मग मला म्हणाला, तुम्हाला तर दर वर्षी ट्रेनिंग दिलंय, पासही झालायत, मग कंपनीची काय चूक? बी दाबलं होतं ना मी. ते बी माझ्याच मुंडीवर आलं. जुने कामगार म्हणतात, गप बस, दगडावर डोकं आपटून डोकंच फुटतं. खरं आहे ते. मला माहीत आहे काही होणार नाही. रबरं सुटणार नाहीत, साहेबाचं प्रमोशन थांबणार नाही.

बायको इडलीचं पीठ विकते, त्यावर चाललंय. मी रोज शिफ्ट सुटताना कारखान्याच्या गेटसमोर चहाच्या टपरीपाशी उभा राहतो. नवं कुणी कामाला लागलेलं दिसलं की डावा हात पुढं करतो आणि सांगतो, हे कशानं गेलं. तमिळमध्ये, हिंदीत, येईल तसं. बहुतेक जण वळसा घालून जातात. वॉचमन हाकलतो, मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहतो. सेल्वी बाहेर येते, खाली बघून निघून जाते. मी तिच्या तोंडाकडं बघत नाही. आधी तिचे हात बघतो.

एक दिवस ते हात तसे नसतील. त्या दिवशी हे लोक तिलाही लॅपटॉपपुढं उभी करतील आणि म्हणतील, हात वर कर. तेव्हा ती चूक कुणाची, हे सांगायला मी इथं असणार. हाकला, मारा, पोलीस बोलवा. माझा हात वरच राहणार, आणि आता तो वर करायला मला कुणी सांगायची गरज नाही.